रॅम्प: शहर आणि डेपो यांच्या मधला थांबा

पौड रस्त्यावर वनाजजवळ आज मेट्रोचा डेपो आहे. ६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे महाविद्यालय हा मार्ग सुरू झाला. त्या मार्गाच्या गाड्या रात्री मुक्कामाला जातात त्या जमिनीवर पूर्वी पुण्याचा कचरा पडायचा. कोथरूड वाढत वाढत त्या कचरा डेपोला येऊन भिडलं. वास, धूर, माश्या यांना कंटाळलेल्या रहिवाशांनी आवाज उठवला आणि या शतकाच्या सुरुवातीला तिथं कचरा टाकणं थांबलं. मग शहराचा सगळा भार पूर्वेला, उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीतल्या डेपोवर गेला. डेपो हलला हे पुणेकरांच्या लक्षात राहिलं. डेपो दूर गेल्यामुळे शहराच्या आत ज्या जागांचं महत्त्व एकदम वाढलं, त्यांची नोंद मात्र फारशी कुणी ठेवली नाही. कागदोपत्री त्यांना कचरा हस्तांतरण केंद्र म्हणतात. मुकादम, ड्रायव्हर, बिगारी सगळे ‘रॅम्प’ म्हणतात.

रॅम्पची रचना साधी असते. चढ असलेला एक उंच ओटा, त्याखाली उभा मोठा डंपर. घंटागाडी चढावर मागे मागे जाते आणि आपला कचरा खालच्या गाडीत ओतते. घंटागाडीत जेमतेम टनभर माल मावतो, मोठ्या गाडीत दहा-बारा टन. कोथरूडहून उरुळी वीस किलोमीटरहून लांब आहे, आणि वाटेत सगळं शहर आणि हडपसरची कोंडी. प्रत्येक घंटागाडी तिथपर्यंत जायला लागली तर तिचा अर्धा दिवस रस्त्यातच जाईल आणि गल्लीतला दुसरा फेरा होणारच नाही. रॅम्पमुळे छोटी गाडी तासाभरात पुन्हा वस्तीत येते. डिझेल वाचतं, गाड्या कमी लागतात, रस्त्यावरची वर्दळही घटते. मुंबईनं हेच गणित फार पूर्वी रेल्वेच्या मदतीनं सोडवलं होतं. तिथला कचरा वाघिणींत भरून चेंबूरच्या दलदलीकडे जाई.

पण वाहतुकीचं गणित सोडवताना रॅम्पनं एक नुकसानही केलं, आणि माझ्या मते गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं तेच सगळ्यात मोठं आहे. घरात, सोसायटीत, गल्लीत जे काही वेगळं झालेलं असतं, ते रॅम्पवर एका डंपरमध्ये पडलं की संपलं. ओल्यात सुकं दाबलं जातं, कागद भिजतो, प्लास्टिकला भाताचं पाणी लागतं. पुढच्या प्रकल्पात मग कितीही महागडी यंत्रं बसवा, त्या चिखलातून चांगलं खत निघत नाही आणि चांगलं भंगारही निघत नाही.

या नुकसानीची खरी जाण होती ती कचरावेचक बायांना. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली बाबा आढाव यांच्या पुढाकारानं उभी राहिली. कुंडीत हात घालून पोट भरणाऱ्या या बाया श्रमिक आहेत आणि शहराचा खर्च वाचवतात, हे तिनं ठासून सांगितलं. २००८ साली याच बायांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेशी महापालिकेनं करार केला. आज तीन हजारांहून अधिक सभासद दारोदार कचरा गोळा करतात, सुका माल जागेवरच निवडून भंगाराला देतात आणि उरलेलं फीडर पॉइंटवर, म्हणजे ठरलेल्या जागी, महापालिकेच्या गाडीत टाकतात. म्हणजे रॅम्पवर जे पोचतं ते आधीच कमी झालेलं असतं. पुण्यातला रॅम्प हलका राहिला असेल, तर त्याचं श्रेय आधी या हातांना द्यायला हवं. कचरा व्यवस्थेचा मागोवा घेणारे सरकारी अहवाल यंत्रांच्या क्षमतेबद्दल पानंच्या पानं लिहितात. तेवढी पानं या बायांच्या वाट्याला आलेली नाहीत, याची मला खंत वाटते.

शहरानं रॅम्पकडे लक्ष दिलं ते फुरसुंगी-उरुळीकरांनी गाड्या अडवल्यावर. १६३ एकरांच्या त्या डेपोनं आजूबाजूच्या विहिरींचं पाणी नासवलं. कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी भूजलात उतरलं आणि बागायती गावं पिण्यासाठी महापालिकेच्या टँकरवर आली. त्यांनी पुन्हा पुन्हा आंदोलनं केली, त्यांना पुन्हा पुन्हा मुदती आणि आश्वासनं मिळाली. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी सुमारे तीन आठवडे एकही गाडी आत जाऊ दिली नाही. मोठे डंपर भरून उभे राहिले, त्यामुळे रॅम्प तुंबले, रॅम्प तुंबल्यामुळे घंटागाड्या रिकाम्या होईनात आणि दोन-चार दिवसांत चौकाचौकात ढीग लागले. उरुळीच्या माणसांनी वर्षानुवर्षं जो वास सोसला त्याचा थोडासा वाटा तेव्हा शहराच्या वाट्याला आला. गावकऱ्यांचं म्हणणं रास्त होतं. तुमचा कचरा आमच्या दारात का, या प्रश्नाला पुण्याकडे नीट उत्तर नव्हतं.

त्यानंतर घडलेलं चटकन सांगता येतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये ही दोन्ही गावं महापालिकेत आली. पाण्यावरून, करावरून नाराजी वाढत गेली आणि २०२४ मध्ये त्यांना बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्यात आली. दरम्यान राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या रेट्यानं जुन्या ढिगाचं बायोमायनिंग, म्हणजे साठलेला कचरा उपसून वेगळा करणं, सुरू झालं, आणि हडपसरच्या रामटेकडीसह शहरात ठिकठिकाणी प्रक्रिया प्रकल्प उभे राहिले.

या बदलानं रॅम्पचं काम मुळापासून बदलायला हवं होतं. सगळा माल एकाच डेपोकडे जायचा तेव्हा भरून पुढे पाठवणं एवढंच पुरे होतं. आता ओलं एका प्रकल्पात जायला हवं, सुकं दुसरीकडे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातच ओला, सुका आणि घातक असं वर्गीकरण बंधनकारक केलं. त्याच नियमांत हस्तांतरण केंद्राच्या व्याख्येतच पुढची वाहतूक झाकलेल्या वाहनांतून वा कंटेनरमधून व्हावी असं म्हटलं होतं. प्रत्यक्षात उघड्या गाड्या, जमिनीवर सांडलेला कचरा, रस्त्यावर गळणारं काळं पाणी हे दृश्य पुणेकरांना अनोळखी नाही. त्या वासात आठ-आठ तास काम करणाऱ्या बिगाऱ्याला हातमोजे आणि अंघोळीची सोय मिळणं हा त्याचा हक्क आहे.

रॅम्पशेजारी राहणारे तो हलवण्याची मागणी करतात. त्यांचा त्रास खरा आहे, पण रॅम्प शहराबाहेर गेला की तो रॅम्प राहत नाही, दुसरी फुरसुंगी तयार होते. म्हणून आपल्या प्रभागातल्या रॅम्पला विरोध करू नका. त्याला छप्पर मागा, ओल्या आणि सुक्यासाठी दोन वेगळे ओटे मागा, काळं पाणी अडवणारी टाकी मागा, रोज रात्री तो पूर्ण रिकामा होण्याची हमी मागा. आणि उद्या सकाळी घंटागाडी दारात येईल तेव्हा दोन डबे वेगळे द्या.