श्वासाचे दोन कारभारी

निरोगी प्रौढ व्यक्ती विश्रांतीच्या स्थितीत मिनिटाला साधारणतः 12 ते 16 वेळा श्वास घेते; म्हणजे दिवसाकाठी सुमारे 20 हजार वेळा. त्यांपैकी बहुतेक श्वासांची तिला गंधवार्ताही नसते. तरीही मनात आणले तर श्वास लांबवता येतो, रोखता येतो, गवयाला तानेसाठी तो तोलून सोडता येतो. हृदयाच्या ठोक्यांवर किंवा पचनावर अशी थेट हुकमत कोणाचीच चालत नाही.

याचे कारण असे, की श्वसनाचा कारभार मेंदूतील दोन ठिकाणांहून चालतो. पहिले ठिकाण लंबमज्जा, म्हणजे मेंदूचा मज्जारज्जूला जोडलेला तळाचा भाग. बँकेला एकदा दिलेली स्थायी सूचना खातेदार विसरला तरी पाळली जाते, तसे लंबमज्जेचे काम झोपेतही अखंड चालते. श्वासाची लय जेथे निर्माण होते, तो पेशींचा लहानसा पुंजका 1991 साली जेफ्री स्मिथ, जॅक फेल्डमन व सहकाऱ्यांनी उंदराच्या पिल्लांच्या मेंदूत दाखवून दिला. त्याचे नाव ‘प्री-बॉटझिंगर’. आणि हे नाव कोणा शास्त्रज्ञाचे नसून एका जर्मन वाइनच्या बाटलीवरून आलेले आहे! श्वास किती वेगाने घ्यायचा, हे लंबमज्जा मुख्यतः रक्तातील कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावरून ठरवते. श्वास रोखल्यावर जीव कासावीस होतो तो प्राणवायू संपला म्हणून नव्हे, तर प्रामुख्याने हा वायू साठला म्हणून.

दुसरा कारभारी म्हणजे मेंदूचे बाह्य आवरण. बोलताना, गाताना वा प्राणायाम करताना त्याचे हुकूम श्वसनाच्या स्नायूंपर्यंत बऱ्याच अंशी स्वतंत्र वाटेने पोहोचतात. या वाटा निरनिराळ्या आहेत याचा पुरावा दुर्दैवाने रुग्णांकडून मिळतो. काही बालके जन्मतःच असा दोष घेऊन येतात, की जागेपणी त्यांचा श्वास बहुधा ठीक चालतो, परंतु झोप लागताच तो अपुरा पडतो. अशा मुलांना रोज रात्री यंत्राच्या साहाय्याने श्वास द्यावा लागतो.

मग पहिल्याच्या कामात दुसऱ्याने जाणीवपूर्वक हात घातला, तर शरीरात काय घडते? या प्रश्नाला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. पुढे बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेत, म्हणजे ‘निम्हान्स’मध्ये, डॉ. शर्ली टेलिस आणि मज्जाशरीरशास्त्रज्ञ डॉ. टी. देसिराजू यांनी एक नेटका प्रयोग केला. तोही 1991 सालीच प्रसिद्ध झाला.

प्राणायामाचा दीर्घ अभ्यास असलेले 28 ते 59 वर्षे वयाचे दहा पुरुष त्यासाठी निवडले होते. सर्वांनी उज्जायी पद्धतीने अतिशय संथ श्वसन करावयाचे होते. पाच जणांचा कुंभक, म्हणजे श्वास रोखण्याचा काळ, आखूड होता: एका श्वसनचक्राच्या सरासरी 22.2 टक्के. उरलेल्या पाच जणांचा दीर्घ: 50.4 टक्के. मोजमापासाठी बेनेडिक्ट-रॉथ स्पायरोमीटर वापरला होता. या उपकरणात पाण्यावर तरंगणाऱ्या घंटेसारख्या भांड्यात प्राणवायू भरलेला असतो. व्यक्ती त्यातूनच श्वास घेते व त्यातच सोडते. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड रसायनाने शोषला जातो. त्यामुळे प्राणवायू जितका खर्च होईल, तितके भांडे खाली उतरते.

निष्कर्ष अनपेक्षित होते. आखूड कुंभकाच्या गटात प्राणवायूचा वापर आधीच्या साध्या श्वसनाच्या तुलनेत 52 टक्क्यांनी वाढला. दीर्घ कुंभकाच्या गटात तो 19 टक्क्यांनी घटला. बाहेरून दोन्ही श्वसने संथच. ‘श्वास सावकाश केला की शरीर विसावते’ असे जे सरसकट सांगितले जाते, ते या आकड्यांपुढे टिकत नाही. जाणीवपूर्वक घेतलेला श्वास हेही स्नायूंचे व अवधानाचे काम आहे, हे विसरून चालणार नाही.

अर्थात प्रत्येक गटात पाचच माणसे, तीही मुरलेली साधक, आणि दोन्ही प्रकार एकाच व्यक्तीकडून करवून घेतलेले नव्हते. म्हणून या प्रयोगाच्या आधारे नवशिक्याने दीर्घ कुंभकाचा हट्ट धरणे गैर ठरेल. हृदयविकार, उच्च रक्तदाब वा दमा असणाऱ्यांनी तर श्वास रोखण्याचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नयेत.

संथ श्वसनाने मन शांत होते, हा अनुभव मात्र खोटा नाही. 2017 साली अमेरिकेतील संशोधकांनी त्याच प्री-बॉटझिंगर पुंजक्यातील पेशींचा एक छोटा गट उंदरांमध्ये नाहीसा केला. श्वसन चालूच राहिले, पण उंदीर विलक्षण शांत झाले. मेंदूच्या ज्या केंद्रातून सावधपणा व अस्वस्थता चाळवली जाते, त्या केंद्राला या पेशी श्वासाची खबर देत होत्या.