तानपुरा गिळणारा व्हिडिओ कॉल

झूमवर गाणं शिकवायला बसलं की पहिला बळी जातो तानपुऱ्याचा. पंखा, एसी यांसारखे एकसुरी आवाज गाळण्याची सोय या ॲपमध्ये असते. तानपुऱ्याचा अखंड नादही तिला गोंगाटच वाटतो, आणि मग लांबवलेला षड्‌जसुद्धा मध्येच विरतो. बैठकांसाठी ही सोय उत्तम, रियाजासाठी वैरीण. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये संगीतकारांसाठी ‘ओरिजिनल साउंड’ आहे. ते दोन्ही बाजूंनी चालू करावं. मात्र इअरफोन हवेतच, नाहीतर स्पीकरमधला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो.

दुसरी अडचण, म्हणजे आवाज पोचायला होणारा उशीर, कुठल्याही सेटिंगने सुटत नाही. समजा, गुरुजी मुंबईत आणि शिष्य न्यूयॉर्कला; हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे एका दिशेलाच किमान ६० मिलिसेकंद गेले. केबलचे वळसे, आवाजाचं संकेतांकन, वायफाय यांचा उशीर वेगळाच. एकत्र वाजवणाऱ्यांना मात्र साधारण ३० मिलिसेकंदांपुढचा उशीर जाचू लागतो. त्यामुळे गुरुजींनी इकडून ठेका धरला, की शिष्याची सम त्यांना उशिराच ऐकू येणार; बिचाऱ्याला उगाच बेताला ठरवू नये.

उपाय साधा आहे. ठेका आणि तानपुरा शिष्याने आपल्याकडे लावायचा, म्हणजे त्याचं गाणं आणि ताल एकत्रच पोचतात. गुरूंनी आधी गायचं, शिष्याने मागून. आपली तालीम तशीही याच पद्धतीने चालते. जुगलबंदीचा हट्ट तेवढा सोडावा.