मोकळा रस्ता आणि सायकलची घंटी

परदेशात हल्ली ‘ग्रॅव्हल सायकलिंग’ फार चालतं. मोटारी नसलेल्या खडीच्या वाटांनी नदीखोरी, जंगलं, जुन्या वास्तू बघत जायचं. आपल्या चुलबंद नदीच्या खोऱ्यातही मुरमाच्या वाटा आहेत, कोहळी समाजानं बांधलेल्या जुन्या तलावांच्या पाळी आहेत.

पण ‘मोकळा रस्ता’ म्हणजे नेमकं काय? नागझिरा १९७० साली अभयारण्य झालं, २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पात आलं. आत वर्दळ कमी आहे, कारण फाटकातून मोजक्याच गाड्या सोडतात. तो रस्ता जनावरांसाठी मोकळा ठेवलेला आहे. आपण सायकल घालायची ती बाहेरच्या वाटांवर. आता हद्दीची पाटी काही जनावरांना वाचता येत नाही!

आणि इथं सायकलचा गुणच दोष ठरतो. ती आवाज करत नाही, म्हणून आपण तिला निरुपद्रवी समजतो. मार्च-एप्रिलात मोहफुलं गळतात, अस्वलं ती खायला येतात. अस्वलाची नजर अधू. खाण्यात गुंग असलं की जवळ आलेला माणूसही त्याला कळत नाही. वळणावर अचानक समोर आलात, तर ते घाबरूनच अंगावर येतं. पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्यांना हा धोका रोजचाच.

तेव्हा दोघं-तिघं मिळून जा, बोलत जा, अंधाराच्या आत परता. वळणापाशी घंटी वाजवा. शहरात ती ‘बाजूला हो’ म्हणते. इथं ‘मी येतोय, बरं का’ एवढंच सांगते.