अपत्य सज्ञान झाल्यावर पोटगीचे काय?

मुलास अठरावे वर्ष लागले की पोटगी आपोआप संपते, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. कायद्याने सज्ञानता येते ती १८ वर्षे पूर्ण झाल्यावर. दिनांक १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ अन्वये अपत्याची पोटगी सामान्यतः तेथवर चालते. मात्र शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे अथवा दुखापतीमुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अपत्यास ती पुढेही मिळू शकते. विवाहित कन्येस ही सवलत नाही. निर्वाहाचे साधन नसलेल्या अविवाहित हिंदू कन्येस १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाच्या कलम २० खाली विवाहापर्यंत पित्याकडे निर्वाह मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले आहे.

माता व मुले यांच्यासाठी एकत्रित रक्कम ठरली असल्यास ती परस्पर कमी करू नये. कलम १४६ अन्वये दंडाधिकाऱ्यांकडून फेरफार करून घ्यावा. मातेची स्वतःची पोटगी अपत्याच्या सज्ञानतेने थांबत नाही. मागील थकबाकीही माफ होत नाही. तिच्या वसुलीचा अर्ज मात्र रक्कम देय झाल्यापासून १ वर्षाच्या आत करावा. स्त्रिया व बालके यांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. संबंधितांनी त्याचा अवश्य लाभ घ्यावा.