पंधरा मीटरची भिंत

कार्ल्याच्या चैत्यगृहाचं छत जमिनीपासून सुमारे १४ मीटर उंच आहे. त्याच्या कमानीखालच्या लाकडी फासळ्या दोन हजार वर्षांनंतरही जागच्या जागी आहेत आणि त्या पाहायला मान पूर्ण मागे टाकावी लागते. आता याहून मीटरभर उंच, पुढच्या बाजूला पाच अंश झुकलेली एक सरळसोट भिंत डोळ्यांसमोर आणा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये इंडोनेशियाच्या वेद्रिक लिओनार्दोने अशी १५ मीटरची भिंत ४.७५ सेकंदांत चढून सुवर्णपदक मिळवलं. तेवढ्या वेळात कार्ल्याच्याच एकवीरा देवीच्या दर्शनाला निघालेल्या माणसाच्या सात-आठ पायऱ्या होतात. इंडोनेशियाची तोवरची सगळी ऑलिंपिक सुवर्णपदकं बॅडमिंटनची होती. दुसऱ्या खेळातलं पहिलं सोनं त्या देशाला भिंतीवरच्या चढाईने दिलं. मावळच्या वाचकाने या बातमीकडे परक्याच्या कौतुकासारखं पाहू नये. नागफणीचा सुळका, तैलबैलाच्या जुळ्या भिंती, लोहगड-विसापूरचे कडे ज्या मुलखात आहेत, तिथे चढाई हा अंगणातला खेळ आहे. तरीही पॅरिसच्या त्या स्पर्धेत एकही भारतीय नव्हता.

हा खेळ ऑलिंपिकपर्यंत पोचला कसा, हे पाहिलं तर आपलं काय चुकतं ते कळतं. तो वाढला ‘वर्ल्ड गेम्स’मध्ये. ऑलिंपिकच्या कार्यक्रमात जागा नसलेल्या खेळांचा हा जागतिक मेळावा १९८१ मध्ये अमेरिकेतल्या सँटा क्लारा इथे सुरू झाला आणि दर चार वर्षांनी भरत आला. (अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमचा मेळावा तेवढा करोनामुळे २०२१ ऐवजी २०२२ मध्ये झाला.) बॅडमिंटन आणि तायक्वांदो हे आज ऑलिंपिकमध्ये रुळलेले खेळ या पहिल्या मेळाव्यात होते. भिंतीवरची चढाई त्यात २००५ ला, जर्मनीतल्या डुइसबुर्गला आली. वेगाची चढाई आणि अवघड वाटेची चढाई यांची पदकं तिथे पहिल्यापासून वेगळी होती. टोकियोत मात्र ऑलिंपिकने हे दोन आणि बोल्डरिंग, म्हणजे बुटक्या भिंतीवरची बिनदोराची चढाई, असे चढाईचे तिन्ही प्रकार एकाच पदकात कोंबले आणि वेगाचं पदक वेगळं काढायला पॅरिस उजाडावं लागलं. म्हणजे खेळाची नस आधी ओळखली ती या कमी गाजलेल्या मेळाव्याने.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की ही ऑलिंपिकच्या दारातली रांग आहे. जे आत जाऊ शकत नाहीत ते इथे खेळतात, मग इथल्या पदकाचं मोल ते काय? या आक्षेपाला उत्तर साताऱ्यात आणि नागपुरात आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेती झाली. त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेऊन पुरुषांचं विजेतेपद मिळवलं. तेव्हा कंपाउंड धनुष्याला ऑलिंपिकमध्ये जागा नव्हती. वर्ल्ड गेम्समध्ये मात्र होती, आणि २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये भारताला याच धनुष्याने मिश्र सांघिक स्पर्धेचं कांस्य दिलं होतं. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा होणार आहे. या निर्णयाने अदितीचा बाण कालच्यापेक्षा अधिक नेमका झाला का? तो आधीही तितकाच नेमका होता. बदलला तो आपला मान देण्याचा हिशोब. उलट दिशेचं उदाहरण रस्सीखेचीचं. गावच्या जत्रेत आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात आपण जो दोर ओढतो, तो १९०० ते १९२० ऑलिंपिकमध्ये होता, मग वगळला गेला आणि वर्ल्ड गेम्सने सांभाळला. ऑलिंपिकने काय घ्यावं आणि काय टाकावं, यावर खेळाची प्रत ठरत नाही. मुंबईच्या आदित्य मेहताने २०१३ ला कोलंबियातल्या काली शहरातल्या वर्ल्ड गेम्समध्ये स्नूकरचं सुवर्ण जिंकलं होतं, हे आज किती जणांना आठवतं?

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो डोंगरावर मनापासून प्रेम करणाऱ्यांचा आहे. प्रस्तरारोहण ही साधना आहे. सुळक्यावर घड्याळ लावून धावायचं नसतं. प्लायवूडच्या भिंतीवर रंगीत होल्ड ठोकून सह्याद्री कळत नाही, असं ते म्हणतात. सह्याद्री तसा कळत नाही, हे खरंच. पण भिंत सह्याद्रीच्या जागी आलेली नाही. मावळात पावसाळ्याचे चार महिने कातळ ओला आणि शेवाळलेला असतो. त्या काळात कड्यावर जाणं म्हणजे जीवाशी खेळ. आपला बेसॉल्ट थराथराचा आहे, हाताला आलेली कपार कधी सुटून येईल याचा भरवसा नाही. नवशिक्याने पहिली शंभर पडणं गादीवर पडावं, कड्यावर नव्हे. शिवाय कार्ले-भाजे ही संरक्षित स्मारकं आहेत. त्यांच्या कातळाला खिळा तर सोडाच, खडूचा हातही लागता कामा नये. शिकायला चांगली भिंत जवळ असली, तर हौशी पोरांना लेण्यांच्या कातळाकडे वळायचं कारण उरत नाही. आणि स्पर्धेने साधना बाटते म्हणावं, तर आखाड्यात जोड लागल्याने तालमीतल्या मेहनतीचं तेज कमी झाल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. १५ मीटरची स्पर्धेची भिंत खर्चिक असते, तिला स्वयंचलित दोर आणि वेळ मोजणारी यंत्रणा लागते; ती तालुक्याला एक पुरे. पण बोल्डरिंगची भिंत जेमतेम चार-साडेचार मीटर उंच असते. तिला दोर लागत नाही, हार्नेस लागत नाही. भक्कम सांगाडा, होल्ड, खाली जाड गाद्या आणि जाणता शिक्षक लागतो. वाटा दर महिन्याला होल्ड बदलून नव्या करता येतात, म्हणून मुलं कंटाळत नाहीत. वर्ल्ड गेम्सचंही धोरण असंच आहे, की यजमान शहराने नवी स्टेडियम उभारण्यापेक्षा हाताशी असलेल्या जागा वापराव्यात. नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं बोल्डरिंगची विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा जगातले आघाडीचे चढणारे कार्ल्यापासून दोन तासांवर खेळून गेले. अशी संधी दारात येऊन गेल्यावर तिच्या मागे सरावाच्या भिंती उभ्या राहायला हव्या होत्या, तेही घाटावर, जिथे मुलं लहानपणापासून डोंगर चढतात.

२०२५ चे वर्ल्ड गेम्स चीनमधल्या चेंगडूला झाले. भारताने तिथे वुशू, तिरंदाजी आणि रोलर स्केटिंग या खेळांत एकेक पदक मिळवलं. तिन्ही खेळ आपल्या रोजच्या बातम्यांत क्वचितच येतात. पुढचे २०२९ ला जर्मनीतल्या कार्ल्सरूहला आहेत. तोवर इथल्या ग्रामपंचायतीने, जिल्हा परिषदेने, लोणावळ्यातल्या गिर्यारोहण मंडळांनी मिळून एका शाळेच्या पटांगणात साडेचार मीटरची एक भिंत उभी करावी. सुरुवातीला तेवढी पुरेशी आहे.