डिझेलची गाडी पेट्रोलपेक्षा स्वच्छ असते का?



हवा प्रदूषणाचा पाठ घेताना हा प्रश्न हमखास येतो. घरी नवीन गाडी घ्यायचं चाललेलं असतं. डिझेलला ॲव्हरेज जास्त म्हणजे प्रदूषण कमी, असं मुलांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. पण गव्हाण फाट्यावरून जेएनपीटीकडे जाणाऱ्या ट्रेलरचा काळा धूरही तीच मुलं बघतात, आणि तो डिझेलचाच असतो. मग खरं काय?

आधी कार्बन डायऑक्साइड बघू. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो आणि एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. (एक लिटर पेट्रोल तर पाऊण किलोच्या आसपास भरतं, मग वायू जास्त कसा? हे वर्गात जरूर विचारा. इंधनातल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन जोडला जातो, त्याचं वजन वाढतं.) समजा, पेट्रोल गाडी लिटरला १५ किमी देते आणि डिझेल गाडी २०. ३०० किमीला पेट्रोल लागेल २० लिटर, म्हणजे ४६ किलो वायू. डिझेल लागेल १५ लिटर, म्हणजे साडेचाळीस किलो. इथे डिझेल जिंकलं, पण ॲव्हरेजच्या फरकाएवढं नाही.

आता छातीत जाणारा धूर. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणून तर ॲव्हरेज चांगलं मिळतं. पण त्याच उष्णतेत हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजन ऑक्साइड बनतात, आणि जिथे फवारा हवेत नीट मिसळत नाही तिथे काजळी होते. ही काजळी इतकी बारीक की नाकातल्या केसांना दाद देत नाही, थेट फुप्फुसात खोल जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला.

बीएस-४ नियमात डिझेल कारला किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती, पेट्रोलला ८०. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं आणि या मर्यादा ८० आणि ६० झाल्या. म्हणजे नवी डिझेल कार जुनीपेक्षा खूपच सुधारली, पण नियमातसुद्धा पेट्रोलच्या मागेच आहे.

पालकांनो, एक गोष्ट मात्र गाडी घेण्याआधी विचारून घ्या. नव्या डिझेल गाडीत काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळायला तो चांगला तापावा लागतो, त्यासाठी गाडी थोडा वेळ सलग वेगात चालायला हवी. नुसतं गव्हाण ते उलवे, शाळेत सोडणं-आणणं एवढंच असेल तर तो तुंबतो. अशा वापराला माझ्या मते डिझेल घेऊच नये. महिन्यातून चार वेळा कोल्हापूरला जाणाऱ्याचा हिशोब वेगळा.

आणि पीयूसी आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात. नायट्रोजन ऑक्साइडचा आकडा त्या कागदावर नसतोच.