शाळा, दवाखाना व मधली चिठ्ठी

विद्या देणे हे शाळेचे काम आणि औषध देणे हे डॉक्टरांचे, ही वाटणी ऐकावयास मोठी सोयीची वाटते. तिच्यात उणीव एवढीच, की मूल एकच असते. त्याचे वाचन व त्याचे डोळे, त्याचे पाठांतर व त्याचे कान ही निरनिराळ्या खात्यांकडे वाटून देता येत नाहीत. शरीराची थोरवी सांगणारी सुभाषिते आम्ही तीस वर्षे फळ्यावर लिहिली. त्यांचा अर्थ मात्र एका विद्यार्थ्याचे नुकसान झाल्यावर कळला. म्हणून ती हकीकत वाचकांस सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

हा विषय आपल्याकडे नवा नाही. हिंदुस्थानात शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम झाली ती १९०९ साली, बडोदे शहरात. सयाजीराव महाराजांनी त्याआधी तीनच वर्षे, १९०६ साली, आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले होते. मुलास शाळेत बसविण्याची सक्ती करावयाची, तर ते शिकण्याजोगे निरोगी आहे की नाही हेही पाहावयास हवे, असा सरळ न्याय आम्हांस ह्या दोन गोष्टींच्या जवळिकीत दिसतो. परंतु हा न्याय देशभर पोहोचला नाही. शालेय आरोग्यसेवा देशात जवळजवळ नाहीच, असा निर्वाळा भोर समितीने १९४६ साली दिला. त्यानंतर अनेक योजना आल्या व गेल्या. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून डॉक्टरांचे फिरते पथक सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाड्यांत दोनदा येऊ लागले. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करून तीस प्रकारचे दोष व विकार शोधावयाचे आणि पुढील उपचार विनामूल्य करवावयाचे, अशी त्याची आखणी आहे.

आता आमची गोष्ट. तालुक्याच्या गावी एका अनुदानित शाळेत आम्ही मराठी व संस्कृत शिकवीत होतो. आठवीच्या वर्गात एक उंच मुलगा होता आणि उंचीमुळेच तो शेवटच्या बाकावर बसे. फळ्यावरील मजकूर उतरून घ्यावयास सांगितला, तर र्‍हस्वदीर्घाची चूक सापडावयाची नाही. श्रुतलेखन घातले, की 'तत्र'च्या जागी 'पत्र', 'फलम्'च्या जागी 'जलम्' आणि 'रामेण'चे नुसते 'रामे'. हाक मारली तर एकदा ओ देई, एकदा देत नसे. आम्ही त्याच्या प्रगतिपुस्तकात 'लक्ष नाही' असे लिहिले, व दोनतीनदा त्यास वर्गाबाहेर उभे केले. पर्वतावरील धूर पाहून अग्नीचे अनुमान करावे, हा न्यायशास्त्राचा पाठ आम्ही मुलांस हौसेने सांगत असू. डोळ्यांनी पाहिलेले बिनचूक आणि कानांनी ऐकलेले चुकीचे, एवढा धूर समोर असता आम्हांस अग्नी दिसला नाही.

२०१४ साली पथक आले. डॉक्टरांनी त्याचे कान पाहून चिठ्ठी लिहिली : दोन्ही कान वाहतात, पडद्यांस छिद्रे आहेत, जिल्हा रुग्णालयात दाखवावे. चिठ्ठी मुलाच्या हाती दिली गेली व नोंदवहीत खूण झाली. पथकाचे काम झाले आणि शाळेचेही झाले. मुलाचे वडील मजुरी करीत. जिल्ह्याचे गाव एस.टी.ने दीड तासावर. जावे तर दिवसाचा रोज बुडे. घरी कानात लसणीचे कोमट तेल घालणे चालूच होते. वाहत्या कानात तेल घालणे अपायकारक असते, हे त्यांस कोणी सांगितले नव्हते.

पुढच्या वर्षी तेच डॉक्टर आले आणि त्यांनी तीच चिठ्ठी पुन्हा लिहिली. "मागच्या वर्षीच्या चिठ्ठीचे काय झाले, गुरुजी?" असे त्यांनी विचारले. आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या आठवड्यात आम्ही त्याच्या घरी गेलो, व पुढच्या सोमवारी बापलेकांबरोबर एस.टी.त बसलो. कान साफ झाले, औषध मिळाले आणि पुढे शस्त्रक्रियाही विनामूल्य झाली. डावा कान चांगला सुधारला. उजवा पुरता सुधारला नाही. मधले वर्ष मात्र कोणत्याही योजनेला परत देता येण्यासारखे नव्हते.

ह्यात कसूर कोणाची? डॉक्टरांनी रोग ओळखला होता, आणि उपचाराची सोयही होती. डॉक्टर मुलास वर्षातून काही मिनिटे पाहतो. आठवीचा शिक्षक कायद्याप्रमाणे किमान २२० दिवस पाहतो. एकापाशी ज्ञान आहे, दुसऱ्यापाशी सहवास आहे. दोहोंमध्ये एक कागद होता, आणि त्या कागदास कोणी धनी नव्हता. शिक्षण व आरोग्य ह्या दोन्ही मंत्रालयांनी मिळून फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात प्रत्येक सरकारी शाळेतील दोन शिक्षकांस आरोग्यदूत म्हणून तयार करण्याची योजना आहे. ती स्तुत्य आहे. तथापि असा दूत केवळ आरोग्याचे धडे देऊन थांबला, तर चिठ्ठी पोरकीच राहील.

निवडणुका, जनगणना व पोषण आहाराचे हिशेब ह्यांनी शिक्षक आधीच वाकला आहे, असे कोणी म्हणतील. ते खरे आहे. पण आम्ही नवे दप्तर मागत नाही. प्रत्येक चिठ्ठीपुढे एकच रकाना असावा : मूल रुग्णालयात गेले ती तारीख. महिनाभरात तो भरला नाही, तर घरी एक चौकशी करावी. तपासणी पुरी झाली असे त्या तारखेनंतरच म्हणावे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची मुले विनाअनुदानित शाळांत जातात, व तेथे हे पथक येत नाही. म्हणून पालकसभेत गुणांची चौकशी करतो, तशीच तपासणीचीही करावी. सुशिक्षित घरांचा आणखी एक दोष सांगितल्यावाचून राहवत नाही. मुलीस चष्मा लागला किंवा मुलास ऐकू कमी येते, तर ते लोकांत दिसू नये म्हणून आपण झाकतो, आणि शिक्षकासही सांगत नाही. ते वर्गशिक्षकास लेखी कळवावे व मुलास पुढे बसवावयास सांगावे. प्रगतिपुस्तकात 'लक्ष नाही' असा शेरा आला, तर मुलास रागे भरण्यापूर्वी त्याचे डोळे व कान एकदा तपासून घ्यावेत.

तो विद्यार्थी आता गावात विजेची कामे करितो. बाजारात भेटला की वाकून नमस्कार करितो, आणि आम्ही नकळत त्याच्या डाव्या बाजूस जाऊन उभे राहतो.